हेडफोनचा जॅक कुणाच्या डोळ्यांत खुपत होता?

कृष्णाकाठ

मंडळी, दसऱ्याला नवा फोन घ्यायचाय म्हणून सध्या सांगलीत मारुती रोडवरची दुकानं पालथी घालतोय. बजेट पंचवीस-तीस हजार. कॅमेरा बरा हवा, बॅटरी दिवसभर टिकावी आणि साध्या वायरच्या हेडफोनची पिन बसावी, एवढंच मागणं. पहिल्या दोन गोष्टी ऐकून काउंटरवरचा पोरगा खुलतो. तिसरी ऐकली की मी रॉकेलचा स्टोव्ह मागितल्यासारखा बघतो आणि खालच्या कप्प्यातून दहा-बारा हजारांचे फोन काढून ठेवतो. "काका, जॅक पाहिजे असंल तर ह्यातलं बघा."

बारा हजारांच्या फोनात जॅक आहे, एफएम आहे, मेमरी कार्डाला जागा आहे. तीस हजार मोजले की तिन्ही गेलं. एरवी कुठलीही वस्तू घ्या, जादा पैसे दिले की काहीतरी जादा पदरात पडतं. इथं सगळं उलटं.

ज्याला वायर नको होती त्याच्यासाठी ब्लूटूथ आधीपासून होतंच की. जॅक असलेल्या फोनात ब्लूटूथ चालतं, जॅक नसलेल्या फोनात माझा हेडफोन चालत नाही. मग काढून सोय कुणाची झाली? सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून जॅक काढला आणि त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स, म्हणजे स्वतःचे बिनवायरचे हेडफोन, जाहीर केले. गणपती पेठेत लोकांच्या वह्या लिहून पोट भरणाऱ्या माणसाला यापुढचं कुणी समजावून सांगायला नको.

माझं मत: काढायला नको होता, आणि निदान मधल्या किमतीच्या फोनांत तरी तो परत यावा. इथं जाणकार बरेच आहेत. दुसरी बाजू असेल तर जरूर मांडा. फक्त "काळाबरोबर चला" एवढंच लिहायचं असेल तर माफ करा.

पेठेतला_पक्या

काळाबरोबर चला काका. (हलकं घ्या.)

मी कुपवाडला एमआयडीसीत आहे. शिफ्ट सुटली की कानात बड्स आणि गाडीवर टांग. वायर होती तवा लई ताप व्हायचा. फोन काढाय जावं तर वायर जर्किनच्या चेनमधी अडकलेली. एक कान बंद. मग पिन जरा तिरकी करून अंगठ्यानं दाबून धरायची, तवा कुठं दुसरा कान चालू होणार. दोन-तीन महिन्याला नवीन हेडफोन ठरलेला. आता बाराशेचे बड्स घेतलेत, गेल्या दिवाळीपासनं एक नंबर चालू आहेत.

आणि जॅक नसला म्हणून अडतंय कुठं? स्टेशन चौकात शंभर रुपयाला कन्व्हर्टर मिळतंय. लावा आणि ऐका की. विषय संपला.

आबा_माधवनगर

पक्या, गाडी चालवताना कानात काही घालू नये. वायरचं नाही आणि बिनवायरचंही नाही. आधी एवढं मनावर घे. विषयावर सवडीने लिहितो.

पेठेतला_पक्या

बरं आबा. एसटीत घालतो असं समजा.

हिंजवडीकर_सांगलीचा

कृष्णाकाठ, राग रास्त आहे, पण सगळं खापर ॲपलवर फोडू नका. २०१४ मध्येच ओप्पोचा आर५ आला होता, जाडी ४.८५ मिलिमीटर आणि जॅक नाही. २०१६ मध्ये आयफोनच्या आधी मोटो झेड आणि लेइकोचे फोन जॅकविना बाजारात आले. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. ॲपलने केलं तेव्हा बोंब झाली, कारण ॲपल गेलं की बाकीचे मागोमाग जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि गेलेच. गूगलने २०१६ मध्ये पहिल्या पिक्सेलच्या जाहिरातीत 'आमच्याकडे जॅक आहे' म्हणून चिमटा काढला आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल २ मधून तो उडवला. सॅमसंगने आयफोनवाल्यांची जाहिरातींतून यथेच्छ टिंगल केली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांचा नोट १० आला तो जॅकविनाच. वनप्लसनं त्याआधी २०१८ मध्ये ६टी पासून सोडला. उलटा फिरलेला मोठा ब्रँड म्हणजे सोनी. २०१९ च्या एक्सपीरिया १ मध्ये जॅक नव्हता, २०२० च्या पुढच्या आवृत्तीत परत आला.

आता कारणं. नेहमी तीन सांगतात: जाडी, पाणी, जागा.

जाडीचं कारण टिकत नाही. ओप्पोच्या त्या फोनाच्याच वर्षी विवोचा एक्स५ मॅक्स आला, ४.७५ मिलिमीटरचा, म्हणजे त्याहून बारीक, आणि त्याला जॅक होता. पाण्याचंही टिकत नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी एस७ आयफोन ७ च्या काही महिने आधी आला. त्याला आयपी६८, म्हणजे पाणी-धूळ आत न जाण्याचं मानांकन होतं आणि जॅकही होता.

जागेचं कारण मात्र खरं आहे. पिन आत जाते साधारण १४ मिलिमीटर. तिच्याभोवती खोबण, खोबणीत पत्र्याच्या पट्ट्या. फोनच्या आत बॅटरी, कॅमेरे, स्पीकर, थरथरणारी मोटर यांची एकेका मिलिमीटरसाठी भाऊबंदकी चाललेली असते. आयफोन ७ मध्ये त्या कोपऱ्याकडे मोठी व्हायब्रेशन मोटर आली. पण लोकांनी फोन खोलला तर नेमका जॅकच्या जागी प्लास्टिकचा एक तुकडा निघाला. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरसाठी तो आहे, असं ॲपलचं स्पष्टीकरण. पुढं २०१७ मध्ये एका हौशी इंजिनिअरने चीनमधल्या शेन्झेनला तळ ठोकून आयफोन ७ मध्ये चालणारा जॅक बसवून दाखवला. त्यामुळे 'जागाच नव्हती' हेही सोळा आणे खरं नाही.

एवढं लिहून सांगतो, मी त्या डिझाइनच्या बैठकीत असतो तर काढा म्हणूनच हात वर केला असता. थोडी मोठी बॅटरी आणि एक भोक कमी, हा सौदा मला पटतो. त्याला 'धाडस' म्हणायला मी गेलो नसतो एवढंच. ॲपलच्या फिल शिलरनी मंचावरून तो शब्द वापरला आणि अजून त्याची चेष्टा चालू आहे.

कृष्णाकाठ

हिंजवडीकर, एवढी माहिती दिलीत त्याबद्दल आभार. पण तुमच्या आधीच्या परिच्छेदांनी माझंच म्हणणं पक्कं केलं, आणि शेवटच्यात 'मोठी बॅटरी' म्हणालात. बारा हजाराच्या फोनात जॅकही आहे आणि पाच हजार एमएएचची बॅटरीही आहे. तिथं कशी काय मावली?

शिवाय क्रम बघा. आयफोन ७ च्या खोक्यात कन्व्हर्टर फुकट होतं. २०१८ पासून ते बंद. २०२० मध्ये आयफोन १२ आला तेव्हा खोक्यातला हेडफोन गेला आणि चार्जरही गेला. फ्रान्समध्ये तेवढा हेडफोन पुढंही देत राहिले, कारण तिथं कायदा होता. म्हणजे कायदा असला की जागा निघते.

हिंजवडीकर_सांगलीचा

स्वस्त फोन जाडजूड असतो, कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असतो, व्हायब्रेशन मोटर साधी असते, बिनवायरचं चार्जिंग नसतं. तिथं जागा निघते. पण शेवटचं वाक्य मान्य. निरुत्तर.

मोबाइल_मिस्त्री

नमस्कार. रिपेअरिंगचं दुकान आहे, दिवसभर हीच भोकं साफ करत बसतो, म्हणून लिहितो.

जॅकवाल्या फोनाची नेहमीची तक्रार एकच. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "हेडफोन लावला नाही तरी वर हेडफोनचं चिन्ह दिसतंय आणि समोरच्याचा आवाज येत नाही." आत कचरा जाऊन पट्टी दाबून बसलेली असते, फोनला वाटतं पिन आत आहे. सुई घालून कचरा काढायचा, स्पिरिटनं पुसायचं, झालं काम. काय काय निघतं विचारू नका. खिशातल्या कापडाचा गोळा, तंबाखू. मार्केट यार्डातल्या हळदीच्या गाळ्यावरच्या माणसाचा फोन असला तर न सांगता कळतं. पाठ उघडली की आत सगळं पिवळं. सुईच्या टोकाला हळदीची वडी येते, कपाळाला लावा. कधी पिनचं टोक मोडून आत राहतं, तेव्हा मात्र जरा घाम निघतो. पण जॅक गेला तरी फोन चालू राहतो, चार्ज होतो, बाकी काही अडत नाही.

आता बिनजॅकचे फोन. तीच हळद, तोच कापूस जातो टाइप-सीमध्ये. तिथं कचरा बसला की चार्जिंगच बंद. त्यात कन्व्हर्टर लावणाऱ्यांचे पोर्ट लवकर ढिले होतात. कन्व्हर्टर बोटभर बाहेर लोंबतं, फोन खिशात, माणूस खाली बसला की सगळा ताण त्या पोर्टवर. मग सब बोर्ड, म्हणजे पोर्ट बसवलेली आतली छोटी पट्टी, बदला. आणि एकाच भोकातून चार्जिंग आणि गाणी दोन्ही करायची म्हटल्यावर रात्री चार्जिंगला लावून कीर्तन ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पंचाईत. दोन तोंडांचं कन्व्हर्टर मिळतं, पण त्यातलं चांगलं कुठलं हे मलाही आधी लावून बघावं लागतं.

पक्याभाऊ, तुमच्या शंभर रुपयाच्या कन्व्हर्टरबद्दल. त्यात दोन जाती आहेत. एका जातीत नुसती वायर असते. ती चालायची तर फोननं स्वतः तयार आवाज टाइप-सीतून बाहेर द्यायला लागतो, आणि तसे फोन थोडे. दुसऱ्या जातीत बारकी चिप असते. ती फोनातले आकडे घेते आणि त्याचा आवाज करून हेडफोनला देते. ती बहुतेक फोनांवर चालते. दोन्ही दिसायला सारखीच, आणि दुकानदारालाही माहीत नसतं कुठली कुठली. म्हणून भावाच्या फोनवर चालतं आणि तुमच्यावर चालत नाही. काही फोनांत तर सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी (फोनला बाहेरची वस्तू जोडायची सोय) चालू केल्याशिवाय चिपवालं कन्व्हर्टर दिसतच नाही, आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. लोक कन्व्हर्टर खराब म्हणून फेकून देतात.

बड्सचं म्हणाल तर माझ्या दृष्टीनं ती दुरुस्तीची वस्तूच नव्हे. दाण्याएवढी बॅटरी, वरून चिकटवलेलं प्लास्टिक. उघडलं की परत बसत नाही. दोन वर्षांत एक कान लवकर उतरायला लागतो, मग दुसरा. गिऱ्हाईक ड्रॉवरमधून काढून आणतं आणि म्हणतं, बघा की काही होतंय का. काही होत नाही हो. वायरच्या हेडफोनची पिन तोडून नवी जोडून द्यायचो आम्ही, त्यात चार पैसे मिळायचे.

पेठेतला_पक्या

मिस्त्री, नादखुळा प्रतिसाद. ओटीजीचं माहीतच नव्हतं. माझ्या मावसभावाचं कन्व्हर्टर चांगलंच असणार मग, आम्ही दोघांनी मिळून फेकलंय.

जवारी

मी मिरजेत गाणं शिकवते. या विषयावर आमच्याकडे रोज वाद असतो, म्हणून लिहिते.

ज्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्या गावातली मुलं आता फोनमधल्या तंबोऱ्यावर गळा लावतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रत्येक घरात भोपळ्याचा तंबोरा ठेवायला जागा नसते आणि तो लावता येणारं माणूस तर त्याहून नसतं. पण तो तंबोरा स्वस्त बड्समधून ऐकला की खर्ज फुगतो आणि वरचे बारीक स्वर, ज्यांच्यावर कान ठेवून षड्जात मिसळायचं असतं, ते पुसट होतात. खऱ्या तंबोऱ्यात घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की आवाज उघडतो, गोल होतो, त्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो गंधार ऐकायला शिकणं हेच पहिल्या वर्षाचं काम. बरा वायरचा हेडफोन लावला तर ॲपवरही तो थोडा ऐकू येतो. ब्लूटूथवर आवाज दाबून, बारीक करून पाठवला जातो आणि तिकडे परत उलगडला जातो, त्या जाण्यायेण्यात काहीतरी सांडतं. अर्थात महागाच्या बिनवायरच्या हेडफोनमध्ये खूप फरक आहे, हेही सांगायला हवं. पण माझ्या विद्यार्थ्यांकडे ते नाहीत.

आवाज उशिरा येण्याबद्दल मात्र लोक चुकीचं बोलतात. "ब्लूटूथवर तबला ॲप लावलं तर ठेका मागे पडतो" असं पालक सांगतात. नाही पडत. ठेका पाव सेकंद उशिरा आला तरी तुम्ही तोच ऐकून गाताय, तुमच्यासाठी सम तिथंच आहे. अडचण येते ती स्वतःचा आवाज हेडफोनमधून परत ऐकत रेकॉर्डिंग करताना. तुम्ही 'सा' लावता आणि कानात तो मागून येतो. माणूस गोंधळतो, लय ओढायला लागतो. मोबाइलच्या पडद्यावर पेटी वाजवणाऱ्यांचंही तेच.

पेठेतला_पक्या

ताई, शंभर टक्के. आता खरं सांगतो, कोण हसू नका. गाणी बड्सवर, पण बीजीएमआय खेळताना मी वायरचाच लावतो. बड्सवर गोळीचा आवाज गोळी लागल्यावर येतोय.

कृष्णाकाठ

हसलो नाही. नोंद मात्र करून ठेवली.

स्मिता_विश्रामबाग

जवारीताई, तुमच्या प्रतिसादात माझं उत्तर सापडेल असं वाटलं म्हणून विचारते. मी शाळेत शिकवते. टाळेबंदीत मुलांसाठी धडे रेकॉर्ड करायला साडेतीन मिलिमीटरच्या पिनचा, म्हणजे जॅकमध्ये बसणारा कॉलर माइक घेतला होता, तो अजून उत्तम आहे. यंदा फोन बदलला, जॅक नाही. कन्व्हर्टर आणलं, गाणी ऐकू येतात, पण माइक फोन ओळखतच नाही. फोन आपल्याच माइकवरून रेकॉर्ड करतो, आणि वर्गातल्या पंख्याची घरघर माझ्या आवाजाच्या वर. मुलाचे बड्स लावून बघितले तर आवाज ट्रंककॉलसारखा आला. काही उपाय?

हिंजवडीकर_सांगलीचा

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साडेतीनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर तिचे चार भाग होतात: डावा कान, उजवा कान, जमीन (ग्राउंडची वायर) आणि माइक. बऱ्याच स्वस्त कन्व्हर्टरमध्ये फक्त कानांचे भाग जोडलेले असतात, माइकचा सोडून दिलेला असतो. त्यामुळे ऐकू येतं, रेकॉर्ड होत नाही. घेताना माइक चालतो असं स्पष्ट लिहिलेलं, चिपवालं घ्यायचं.

बड्सचं कारण निराळं. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की फोन गाणी ऐकायची पद्धत बंद करून फोनवर बोलायची पद्धत लावतो, त्यात आवाजाला जागाच कमी मिळते. म्हणून तो ट्रंककॉल. तुमच्या बड्समध्ये बिघाड नाही.

द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांचं वाचलं. आमच्या बागेतला अनुभव वेगळा आहे. घडांचं डिपिंग (घड औषधात बुडवणं) चालू असताना एका हातात जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या घोळाचा मग, दुसरा हात घडाला, हात कायम ओले. अशात बड्सला चुकून ओलं बोट लागलं की गाणं थांबतं, फोन उचलला जातो, काय वाट्टेल ते होतं. त्यात एक बड ओळीत पडला. पांढरा होता म्हणून दिसंल असं वाटलं, पण खाली चुन्याचे ठिपके आणि पाला, कुठं शोधणार? एका कानाचं गाणं दुसऱ्या कानाशिवाय बेसूर लागतं, आणि तो एकटा विकत मिळायला जावं तर नव्या जोडीच्या जवळपास पैसे. वायरचा म्हणाल तर मांडवाच्या तारेत, बांबूत, काडीत अडकतो. मान वर केली की ओढला जातो.

शेवटी नेकबँड घेतला. गळ्यात पडून राहतो, हरवत नाही, कुठं अडकत नाही. आमच्या टोळीतल्या बायकासुद्धा तेच वापरतात. जॅक असला काय, नसला काय, बागेत फरक नाही. फरक पडतो तो ट्रॅक्टरवर. टेपला ऑक्सची केबल आहे, जुना फोन लावला की लगेच चालू. नवीन फोनला केबल लागत नाही म्हणून जुना फोन ट्रॅक्टरवरच ठेवलाय.

स्मिता_विश्रामबाग

ट्रॅक्टरवरून आठवलं. आमच्या सासूबाई पोर्चमध्ये बसून ब्लूटूथवर अभंग ऐकत होत्या. मुलगा आला, गाडी सुरू केली, आणि अभंग त्यांच्या कानातून जाऊन गाडीत मोठ्यानं सुरू झाला. त्यांना वाटलं फोन बिघडला. मुलगा तसाच गाडी घेऊन निघाला, कोपऱ्यापर्यंत 'विठ्ठल विठ्ठल'. मग पलीकडे गेल्यावर इथं परत कानात. आता त्यांना वायरचा दिलाय, आणि त्यांचा फोन सगळ्यांत स्वस्त आहे म्हणून त्यात तो लागतो.

आबा_माधवनगर

आता विषयावर.

तुमच्या चर्चेत एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. फोनमधल्या एफएम रेडिओला काडीची अँटेना नसते. हेडफोनची वायर हीच अँटेना. जॅक गेला की वायर गेली, वायर गेली की रेडिओ गेला. म्हणूनच दुकानात जॅक आणि एफएम एकदम गायब झालेले दिसतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभागातली माझी बहीण आणि तिचं सगळं बिऱ्हाड आमच्याकडे. वीज जायची ती लवकर यायची नाही. फोनला रेंज आली तर आली. इंटरनेट धरूनच चला की नाही. पोरांचे बिनवायरचे हेडफोन पहिल्याच रात्री मान टाकून पडले. माझ्या फोनात जॅक होता, खोक्यातला साधा हेडफोन होता. एक कान मला, एक कान बहिणीला, असं करून बातम्या ऐकल्या. रेडिओ ऐकायला इंटरनेट लागत नाही आणि बॅटरीही फार खात नाही.

२०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल कंपन्यांच्या संघटनांना लेखी कळवलं की फोनमधली एफएमची सोय बंद ठेवू नका. त्यात आपत्तीचं कारण दिलेलं आहे. पण तो सल्ला आहे, सक्ती नाही. आणि सल्ल्याला कंपन्या किती भीक घालतात ते कृष्णाकाठांनी फ्रान्सच्या उदाहरणात लिहिलंच आहे. माझं म्हणणं, पूर येणाऱ्या जिल्ह्यांत तरी हा विषय चैनीचा नाही. ज्याला फोन विकायचाय त्याने रेडिओ चालू द्यावा, मग वायर जॅकमध्ये लावा नाहीतर टाइप-सीमध्ये.

हिंजवडीकर_सांगलीचा

आबा, हा मुद्दा माझ्याही डोक्यात आला नव्हता. बऱ्याच फोनांच्या चिपमध्ये एफएम असतंच, कंपनी फक्त अँटेनेची जोडणी करत नाही किंवा सॉफ्टवेअरमधून बंद ठेवते. टाइप-सीच्या वायरचीही अँटेना करता येते, पण त्यासाठी तशी आखणी आधीपासून हवी. साधं कन्व्हर्टर लावून ते होईलच असं नाही.

पेठेतला_पक्या

आबा, पण मग साधा रेडिओच घेऊन ठेवा की घरात. सेलवर चालतो.

आबा_माधवनगर

आहे. तो सेलवरच चालतो. पूर आला त्या आठवड्यात पेठेत सेल मिळत होते का, तू सांग.

पेठेतला_पक्या

आमचं घरच पाण्यात होतं आबा. बरोबर आहे तुमचं.

जवारी

अवांतर: पर्यावरणाच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून. युरोपात फेअरफोन नावाची कंपनी दुरुस्त करता येणारे फोन बनवते. तिनेसुद्धा २०२१ मध्ये फेअरफोन ४ मधून जॅक काढला आणि त्याच सुमारास स्वतःचे बड्स विकायला काढले. फार टीका झाली. पुढे २०२४ मध्ये त्यांनी बॅटरी बदलता येणारे बड्स आणले. म्हणजे मिस्त्री म्हणतात तसा दाण्याएवढा सेलही बदलता येईल असा बनवता येतो. बाकीच्यांना बनवायचा नसतो.

मोबाइल_मिस्त्री

इथं मिळाले तर सांगा. निदान एक तरी बड्स उघडून परत बंद करायची इच्छा आहे.

कृष्णाकाठ

बरंच काही कळलं. माझं मूळ म्हणणं मी थोडं बदलतो. सगळ्या फोनांत जॅक हवा असा हट्ट नाही. हिंजवडीकरांना त्यांची मोठी मोटर लखलाभ. पण एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत साध्या फोनला जॅक आणि वरच्याला नाही, हे जे चाललंय त्यात गिऱ्हाईकाला ढकलत ढकलत बड्सच्या काउंटरवर नेऊन उभं करायचं, एवढाच हेतू मला दिसतो. आणि जॅक काढायचाच असेल तर माइकसकट चालणारं चांगलं कन्व्हर्टर खोक्यात घाला. आबांचा रेडिओ चालू ठेवा. एवढं केलं तर मी धागा मागे घेतो.

तूर्त पंधरा-सोळा हजारांचा एक जॅकवाला बघून ठेवलाय. रात्रीचे फोटो यथातथाच येतात. घरात त्यावरून कुरकुर सुरू झाली आहे, पण फोटो काढणारे सगळे माझ्याच घरात स्वतःचे फोन बाळगून आहेत.

मिस्त्री, घेताना काय बघू?

मोबाइल_मिस्त्री

आपला नेहमीचा हेडफोन बरोबर न्या. दुकानात लावून दोन्ही कान बघा, पिन आत गेल्यावर हलकेच फिरवून बघा, खरखर यायला नको. माइकवर बोलून रेकॉर्डिंग ऐका. एफएम सुरू करून एक स्टेशन लागतंय का बघा, दुकानाच्या आत नाही, दारात येऊन. आणि जॅक वर आहे की खाली तेही बघा. वरच्या अंगाला असेल तर फोन खिशात उलटा न घालता हेडफोन राहतो, वायर कमी तुटते.

स्मिता_विश्रामबाग

आणि माझ्या कॉलर माइकचं काय? चिपवालं, माइक चालणारं कन्व्हर्टर तुमच्याकडे मिळेल का? दुकान कुठं आहे?

मोबाइल_मिस्त्री

मिळेल. इथं दुकानाचा पत्ता टाकायला परवानगी नाही, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. येताना माइक आणि नवा फोन दोन्ही घेऊन या, लावून बघितल्याशिवाय देत नाही. गुरुवारी बंद असतं.